डाव्या कानामागची सावली

आमच्या सोसायटीत एक माणूस न सांगता कोणाच्याही घरी यायचा, दाराजवळ फरशीवर मांडी घालून बसायचा, टीव्हीवर जे चालू असेल ते संपेपर्यंत बघायचा आणि उठून जायचा. त्याला कोणी हटकत नसे. त्या घरात टीव्हीवर चित्र दिसत होतं ते त्याच्यामुळे, हे सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही त्यांना अँटेनाकाका म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. एकदा मी सोसायटीतल्या काही घरांची ओळख त्या लोकांना न विचारता छापली होती. त्याचं काय झालं तेच सांगायला बसलेय.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला, तीन विंगांची आमची सोसायटी. मुंबईत एका खोलीत जन्म काढलेली माणसं इथे 'वन रूम किचन' घेऊन आली आणि आल्यावर त्यांना कळलं की नळाला पाणी नाही, रस्त्याला दिवे नाहीत आणि टीव्हीला चित्र नाही. पाण्यासाठी टँकर यायचा. चित्रासाठी काका.

टीव्हीचा टॉवर तिकडे लांब वरळीला. दुकानातली अँटेना आणून गच्चीवर ठोकली की बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या वारुळातून बोलल्यासारखी दिसायची. "बूस्टर लावा," असं दुकानदार सांगायचा. बूस्टरची किंमत ऐकून लोक घरी यायचे आणि मुंग्या बघत बसायचे. काका अँटेना स्वतः बनवायचे. भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, पडद्याच्या जुन्या दांड्या, आणि जिथे वायर जोडायची तिथे पावसाचं पाणी शिरू नये म्हणून फोटो स्टुडिओतून मागून आणलेली फिल्मच्या रोलची काळी डबी. दिसायला ती अँटेना माशाच्या काट्यासारखी, वेडीवाकडी. पण तिचं तोंड त्यांनी एकदा फिरवून दिलं की तीच बाई स्वच्छ चेहऱ्याने बोलायला लागायची. आमच्याकडे तेव्हा एकच सरकारी चॅनेल दिसायचं, नंतर दुसरं आलं. तेवढ्यात लोकांची करमणूक होत होती. रविवारचा सिनेमा, आठवड्यातून एकदा गाणी, मराठी नाटक. कमी होतं, पण मिळत होतं ते सगळ्या घरांना सारखंच मिळत होतं. आता हे कोणाला सांगितलं तर हसतात.

काका सी विंगच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला लागून एका खोलीत भाड्याने राहायचे. रत्नागिरीकडचे. पूर्वी रेडिओ जोडायच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. एवढीच माहिती. मी एकदा सरळ विचारलं होतं, "काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"कुठल्या घरी?" त्यांनी विचारलं.

ते चेष्टा करत नव्हते. कुठल्या विंगमधल्या कुठल्या नंबरची तक्रार आहे, याचा विचार करत होते. मी परत विचारलं नाही.

अँटेना लावताना एक माणूस गच्चीवर आणि एक खाली खिडकीत, हे सगळीकडेच असतं. वरचा विचारतो, "आलं का?" खालचा ओरडतो, "आलं, आलं, गेलं." काकांची अट वेगळी होती. खिडकीत घरातलं सर्वांत म्हातारं माणूस उभं राहिलं पाहिजे. दुसऱ्या कोणाचं ते ऐकायचे नाहीत.

माझे बाबा म्हणाले, "काका, मुलगी सांगेल ना."

"ती 'चालेल' म्हणेल. तरुण माणसाला लगेच चालतं."

"मग तिची आई सांगेल."

"तुम्ही मोठे की त्या?"

"मी."

"मग तुम्ही थांबा."

बाबांनी त्यासाठी ऑफिसातून अर्धी रजा टाकली होती. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, घरातला सर्वांत म्हातारा म्हणून खिडकीत उभा राहून गच्चीकडे बघत ओरडतोय, "जरा डावीकडे, आता कपाळ दिसतंय." समोरच्या ए-५ मधल्या बेन दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांचीही पाळी पुढच्याच आठवड्यात आली. "काका, जरा देखो ना, हमारे में दो-दो आदमी दिखता है," म्हणाल्या. काकांनी त्यांच्या सासऱ्यांना खिडकीत बसवलं. सासरे पाऊण तास गुजरातीत सूचना देत होते. काकांना गुजराती येत नव्हतं, आणि तरी चित्र आलं.

अँटेना लागली म्हणजे काम संपलं असं नाही. त्यानंतर तपासणी. दर आठ-दहा दिवसांनी काका येणार, बहुतेक संध्याकाळी, कधी दुपारी. दारात चपला काढून तिथेच बसणार. खुर्ची दिली तर नको. "खालूनच नीट दिसतं," म्हणायचे. मग जे काही चालू असेल ते, अगदी शेतकऱ्यांसाठी कीटकनाशकांचं असलं तरी, शेवटपर्यंत. आणि पूर्ण वेळ ते फक्त चित्र बघायचे, गोष्ट नाही. एका रविवारी सिनेमात हिरोइनची आई मरत होती. माझी आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. काका म्हणाले, "हिच्या डाव्या कानामागे सावली आहे."

आई रागावली. "अहो काका, मरतेय ती."

"हो. पण परवा नव्हती सावली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर होते.

ही सावली म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. टॉवरकडून येणाऱ्या लहरी मोठ्या इमारतीवर आदळतात आणि जरा उशिरा आपल्याकडे येतात. मग प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचाच एक फिकट माणूस उभा दिसतो. भाईंदरला तेव्हा रोज उठून एक नवी इमारत उभी राहत होती. खारीकडे स्लॅब पडला की आमच्याकडे बातम्यांमधल्या माणसाला दुसरं नाक फुटायचं. काकांनी त्याची वही केली होती. कुठल्या प्लॉटवर, किती मजले चढले, कोणत्या घरात कोणत्या बाजूला सावली आली. मजले मोजायला ते सकाळी फिरायचे. एका साइटवर वॉचमनने त्यांना कोणी मोठा सरकारी माणूस समजून थेट बिल्डरसमोर नेऊन बसवलं. काकांनी विचारलं, "सात होणार की नऊ?"

बिल्डर म्हणाला, "साहेब, सातच मंजूर आहेत. वरच्या दोनचं आपण बसून बघू."

"नऊ करू नका," काका म्हणाले. "ए विंगच्या तीन नंबरला नाटक दिसणार नाही."

हा प्रसंग मी त्यांच्याच तोंडून ऐकला, आणि ऐकून माझे डोळे चमकले, कारण मंजुरीपेक्षा जास्त मजले हा आमचा त्या वर्षीचा विषय होता. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही पाच-सहा जण पाण्याच्या आणि बेकायदा बांधकामाच्या प्रश्नावर पत्रकं काढायचो. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची, हात काळे करून घ्यायचे आणि दारोदार टाकायची. मी काकांकडे वही मागायला गेले. पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत पाय ठेवला. एक खाट, स्टोव्ह, खिळ्याला टांगलेले दोन शर्ट, भिंतीला उभ्या केलेल्या नळ्या. टीव्ही नव्हता.

"काका, तुमच्याकडे टीव्ही नाही?"

"कशाला? सगळीकडे आहे की."

वही त्यांनी लगेच दिली. "तुझ्या कामाची आहे? घे. मला फक्त सावलीपुरती लागते."

त्या वहीवरून आम्ही काढलेलं पत्रक गाजलं. त्या बिल्डरचे वरचे दोन मजले थांबले. मला वाटायला लागलं की छापलं की होतं. माणसाचं डोकं असंच फिरतं.

तीन नंबरच्या आजींबद्दल सांगायला हवं. अलिबागकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगा आणि सून दोघंही कामाला, त्यामुळे दिवसभर एकट्या. सोसायटीतल्या सर्वांत म्हाताऱ्या त्याच. काका त्यांच्या अँटेनेवर सगळ्यांत जास्त वेळ घालवायचे. गच्चीवरून हाक यायची, "आजी, आता?" आजी बराच वेळ टीव्हीकडे बघायच्या, मग खिडकीत यायच्या आणि सांगायच्या, "मघाशी बरं होतं." काका परत फिरवायचे. हे तासभर चालायचं. एकदा मी आजींकडे बसले होते तेव्हा लक्षात आलं, आजी टीव्हीकडे नाही, टीव्हीच्या बाजूच्या कपाटाकडे बघतायत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना उजेड आणि अंधार सोडून काही दिसत नव्हतं.

मी चिडले. मला फसवणूक कुठलीच सहन होत नाही. गच्चीवर गेले आणि काकांना म्हटलं, "अहो, आजींना दिसतच नाही. तुम्ही उगाच उन्हात उभे आहात."

"माहीत आहे मला," काका म्हणाले आणि नळी अर्धा इंच सरकवली.

"मग?"

"त्या सगळ्यांत जास्त वेळ घेतात."

मला वाटलं होतं ते ओशाळतील. ते खाली वाकून परत ओरडले, "आजी, आता?"

मग केबल आली.

सुरुवातीला एक-दोन घरांत, मग मजल्यामजल्यावर. स्कूटरवरून एक जण यायचा, सगळ्यांना 'शेठ' म्हणायचा, खिडकीतून काळी वायर आत सोडायचा आणि टीव्हीवर एकदम पंधरा-वीस चॅनेलं लावून द्यायचा. सावली नाही, मुंग्या नाहीत. गच्चीवर चढायला नको, खिडकीत उभं राहायला नको. मी केबलच्या विरोधात नव्हते. लोकांना काय बघायचंय ते बघू दे. माझं भांडण वेगळं होतं, ते पुढे येतं. काकांना मात्र केबलबद्दल एकच तक्रार होती. "त्याला दिशाच नसते," म्हणायचे. "कुठून येतंय ते कळत नाही."

पूर्वी त्यांच्या फेरीत चाळीसच्या वर घरं होती. एकेक घर केबल घ्यायचं आणि काका तिथे जायचे बंद व्हायचे. कोणी त्यांना 'येऊ नका' म्हटलं नाही. पण तपासायला काही नसताना ते कसे जाणार? अकरा घरं उरली. आमचं होतं, आजींचं होतं, बी विंगमधली काही. पूर्वी एका संध्याकाळी तीन-तीन घरं करणारा माणूस आता अकरा घरं पुरवून पुरवून वापरत होता. सोमवारी एक, मंगळवारी एक. मधल्या दिवशी खाली कंपाउंडमध्ये टँकरच्या टाकीच्या कठड्यावर बसलेला दिसायचा.

त्याच सुमाराला सोसायटीने केबलवाल्याला गच्चीवर डिशची मोठी थाळी बसवायला परवानगी दिली. कमिटीतल्या लोकांच्या घरची केबल फुकट झाली, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. पंधरवड्यात नोटीस लागली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सर्व अँटेना पंधरा दिवसांत काढाव्यात, पुन्हा लावू नयेत. थाळी मात्र तिथेच राहणार होती. थाळीखालची गच्ची गळत नसावी.

काकांनी नोटीस शेवटपर्यंत वाचली. विचारलं, "सही कोणाची?"

"सेक्रेटरींची."

"त्यांच्याकडे केबल लागल्यापासून मी आठ महिन्यांत गेलेलो नाही," ते म्हणाले.

एवढंच. पण मी पेटले. ही अकरा घरं गेली तर या माणसाला संध्याकाळी टेकायला जागा राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ज्यांना केबल घ्यायची नाही त्यांनी काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं? गच्ची काय कमिटीच्या मालकीची आहे? मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. मथळा दिला, 'गच्ची कोणाची?' पहिलं वाक्य लिहिलं, 'या सोसायटीत अकरा कुटुंबं अशी आहेत ज्यांना केबल परवडत नाही.' आणि खाली यादी. घराचा नंबर, पुढे परिस्थिती. 'ए-३: वृद्ध विधवा, मुलाची नोकरी तात्पुरती.' 'ए-९: एकट्याच्या पगारावर पाच माणसं.' ए-९ म्हणजे आम्ही.

यादी पडताळून घ्यायला काकांकडे गेले. घराघरात बसणारा माणूस तोच एक होता.

ते म्हणाले, "नावं कशाला?"

"नावं नाहीयेत काका. नंबर आहेत."

"नंबरावरून नाव कळतंच."

"कळू दे ना. नुसतं 'गरीब जनता' लिहिलं तर कोणी वाचत नाही. माणसं दिसली पाहिजेत."

"त्यांना विचारलंस?"

"विचारत बसले तर पंधरा दिवस जातील. नंतर काय करू पत्रक काढून?"

त्यांनी कागद उजेडात धरला. बोट एका ओळीवर ठेवलं. "हा बी-चौदा. 'कारखाना बंद' लिहू नकोस. याने शेजारी सांगितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, दुपारी मागच्या रस्त्याने घरी येतो."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"मी दुपारचा गेलो होतो तपासणीला. घरी होता. आम्ही दोघांनी शाळेचा कार्यक्रम बघितला."

ती परिस्थिती मी खोडली. नंबर ठेवला. अकराचे दहा कशाला करायचे, असं वाटलं. दहापेक्षा अकरा जोरकस दिसतं. पत्रकं काढणाऱ्यांना अशी अक्कल असते.

सकाळी सात वाजता प्रत्येक दाराखालून एकेक पत्रक सरकवलं. मला वाटत होतं, दहा वाजेपर्यंत सोसायटी पेटेल. आठ वाजता बी-चौदामधल्या वहिनी आमच्या दारात आल्या. पत्रकाची घडी घातलेली, चौकोनी, बारीक. ती त्यांनी माझ्या आईच्या हातात ठेवली. "वहिनी, हे तुमच्याकडेच ठेवा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

आईने घडी उघडली. वाचलं. मला विचारलं, "आपल्याला केबल परवडत नाही असं तुला कोणी सांगितलं?"

"मग घेत का नाही?"

"तुझ्या भावाची दहावी आहे म्हणून."

"ते तू लोकांना सांगतेस."

"मग लोकांना तेच सांगायचं असतं," आई म्हणाली. "न घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला सहा वर्षं तेच सांगतेय. आधी तुझी दहावी, मग तुझी बारावी, मग त्याची दहावी. कोणी कधी उलटून विचारलं नाही. तू छापलंस."

बाबा डबा घेऊन निघाले. जिन्यात सेक्रेटरी भेटले, त्यांनी म्हणे बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बाबा संध्याकाळी घरी आल्यावरही विसरले नव्हते.

बी-चौदामध्ये तिसऱ्या दिवशी केबल लागली. ज्याला सगळ्यांत कमी परवडत होती त्याने सगळ्यांत आधी घेतली. मग त्याच्या वरच्या घरात. रविवारी आमच्याकडे. बाबांनी स्वतः त्या स्कूटरवाल्याला बोलावून आणलं आणि दार उघडं ठेवून वायर आत घेतली, म्हणजे जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. आजींच्या मुलाने बाराव्या दिवशी घेतली. आंधळ्या आईसाठी वीस चॅनेलं. पण तो तरी काय करणार? 'मुलाची नोकरी तात्पुरती' हे त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं.

केबलवाल्याने मला जिन्यात गाठलं. "मॅडम," अगदी मनापासून म्हणाला, "ऐसा और एक पत्रक निकालो ना. सी विंग में अभी काम बाकी है."

मी त्याच्या बाजूने वर निघून गेले. 

सर्वसाधारण सभा गच्चीवरच झाली, थाळीच्या बाजूला सतरंजी टाकून. सेक्रेटरींनी पत्रक वाचून दाखवलं, पूर्ण, यादीसकट. मग म्हणाले, "यात अकरा कुटुंबं लिहिली आहेत. ज्यांना अँटेना ठेवायची आहे त्यांनी कृपया हात वर करावेत." अकराच्या अकरा घरांतली माणसं बसली होती. कोणी चप्पल नीट करत होतं, कोणी वर बघत होतं. मी उभी राहिले तर सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "तू मेंबर नाहीस. तुझे वडील आहेत. त्यांना बोलू दे." बाबा बोलले नाहीत. काका जिन्याच्या दाराशी उभे होते. भाडेकरूला मत नसतं, त्यामुळे त्यांना हात वर करायचा प्रश्नच नव्हता.

अँटेना काढायचं कामही त्यांनीच केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर नळ्या वाकल्या असत्या, म्हणाले. एका दुपारी अकरा अँटेना उतरवल्या, प्रत्येकीला घराच्या नंबराची चिठ्ठी बांधली आणि एकेक घरी नेऊन दिली. "अ‍ॅल्युमिनियम तुमचं आहे." कोणाला नको होती. लोक दारातूनच म्हणायचे, "काका, तुम्हीच ठेवा हो." आमच्याकडे आले तेव्हा दार मी उघडलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "काका, माझं चुकलं."

"वायर चपटी आहे, जपून गुंडाळा," ते म्हणाले.

"काका, तुम्ही येत जा ना. रविवारी या. आमच्याकडे सिनेमा बघायला या."

ते दारातून आत बघत होते. टीव्ही चालू होता. एक बाई मैदा मळत होती, रंग स्वच्छ, कडा स्वच्छ. काकांनी नीट निरखून बघितलं, कानांच्या मागे, खांद्याच्या बाजूला.

"काय बघायला येऊ?" ते म्हणाले. "तुमचं नीट दिसतंय."

त्यांना टोमणा मारता येत नव्हता. खरंच विचारत होते. आणि मी, लोकांना हक्क समजावून सांगणारी, त्यांना एवढंही सांगू शकले नाही की माणूस माणसाच्या घरी नुसताही येऊ शकतो. बहुतेक ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते कठड्यावर बसायचे. सगळ्या खिडक्यांमधून एकाच वेळी एकाच मालिकेचं गाणं यायचं. ते वर बघायचे नाहीत. मी सकाळी नोकरीवर जायची, संध्याकाळी बैठकांना जायची, येता-जाता "काय काका" म्हणायची, ते मान हलवायचे. मग कधीतरी ते कठड्यावर दिसेनासे झाले. कधी, ते मला सांगता येणार नाही. तेच तर सांगतेय.

एका शनिवारी मी घरी होते. रस्ता खणताना कुठेतरी केबलची वायर तुटली आणि सबंध सोसायटीचे टीव्ही बंद पडले. आजींनी सुनेला पाठवून मला बोलावलं. आजींना दिसत नसलं तरी दिवसभर आवाज लागायचा.

"पोरी, टीव्ही गेलाय," आजी म्हणाल्या. "त्याला बोलव. म्हणावं, तीन नंबरला दिसत नाही."

"आजी, हे केबलचं आहे. त्यांचं नाही."

"ते मला नको सांगू. तू बोलव त्याला."

आजींच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन. टीव्ही बिघडल्याचा आनंद. मी खाली गेले. काकांच्या खोलीला कुलूप होतं. गिरणीवाला भैया पट्टा चढवत होता, त्याला विचारलं.

"काका तो गये ना," तो म्हणाला. "दस दिन हुआ."

"कुठे गेले?"

"पाली साइड बोले. समंदर के पास. उधर वायर अभी पहुँचा नहीं."

दहा दिवस. तीन विंगा, साठ-सत्तर घरं, त्यातली चाळीस घरं अशी जिथे तो माणूस मांडी घालून बसला होता. दहा दिवसांत कोणी 'काका दिसले नाहीत' म्हटलं नाही. मीही नाही. भाईंदरच्याच पश्चिमेला, किनाऱ्यावरच्या त्या पालीला जाऊन त्यांना शोधावं असं त्या क्षणी वाटलं. नंतरही पुष्कळदा वाटलं. बस जाते तिथे. मी गेले नाही.

वर आले. आजी दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. सुनेला सांगून त्यांनी दारातल्या चपला, बादली बाजूला करून घेतल्या होत्या. फरशी पुसलेली होती.

"काय म्हणाला?"

मी आयुष्यात अनेकांना तोंडावर खरं सांगितलंय. सांगून वाईटपणा घेतलाय आणि त्याचा मला गर्वही होता. आजींना म्हटलं, "येतो म्हणाले."

"कधी?"

"संध्याकाळपर्यंत."

"त्याला वेळ लागतो," आजी म्हणाल्या. "घाई नसते त्याला."

मी तिथेच बसले. उठून जायचं धाडस होईना. पाचच्या सुमाराला कुठेतरी वायर जोडली गेली असावी. सोसायटीतले सगळे टीव्ही एकदम सुरू झाले. आजींचाही सुरू झाला, मोठ्या आवाजात, कसलीशी जाहिरात.

आजी दचकल्या. "काय झालं?"

"लागला आजी. केबल आली परत."

त्यांनी दाराकडे कान दिला. मग म्हणाल्या, "बंद कर तो."

"का? ऐकायचं नाही?"

"तो आल्यावर काय सांगू त्याला, आपोआप लागला म्हणून? मग तो बसायचा नाही. बंद कर. तो आला की लाव."

मी उठून टीव्ही बंद केला.